बेसबॉल सोलणारी मैत्रीण

प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदारणीइतक्या वस्तू उघडून मोडणारी, आणि त्याबद्दल बोलणी खाण्याऐवजी शाबासकी मिळवणारी व्यक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. परळच्या चाळीतल्या या मुलीने वडिलांचे गजराचे घड्याळ, शेजाऱ्यांचा ट्रान्झिस्टर आणि कॉलेजचा तराजू उघडला होता. तिन्ही पुन्हा कधी जुळले नाहीत. "बंद वस्तू म्हणजे नुसती अफवा," असे ती म्हणे, आणि आमचे सर ते वाक्य वर्गात कौतुकाने सांगत. माझे एकही वाक्य त्यांनी कधी सांगितले नाही. माझे अक्षर तेवढे इतरांना दाखवत.

गिरण्यांचा संप लांबला होता, तिचे वडील घरी बसून होते, तेव्हाची ही गोष्ट. सरांकडे संशोधन साहाय्यकाची एकच जागा निघाली आणि उमेदवार आम्ही दोघी. एकाच वस्तूचा दोघींनी अभ्यास करायचा होता. माझगाव गोदीतल्या माझ्या मामाला एका खलाशाने दिलेला बेसबॉल मी आणला, त्याची उसळी निरनिराळ्या उंचींवरून मोजली, देखणे आलेख काढले आणि रविवारपुरता चेंडू तिला दिला. तिने लाल शिवण उसवली, कातड्याचे डमरूच्या आकाराचे दोन तुकडे वेगळे केले, वरचा सुती दोरा काढला आणि आतली लोकर चाळीच्या गॅलरीभर उलगडून ठेवली. गिरणीकामगाराच्या घरात सूत लोळत पडलेले तिच्या आईला बघवेना. "इतकी बरी लोकर कोण टाकता गो?" म्हणत तिने शेजारच्या बाळाला टोपी विणून टाकली.

सोमवारी ही सरांपुढे कातडे, रबरी गाभा आणि टोपी घेऊन हजर.

"मधला थर कुठे आहे?" सरांनी विचारले.

"हा काय, सर. बाळ झोपलंय तोवर परत द्यायचाय."

सर चष्मा पुसेपर्यंत हसले. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझे आलेख बरोबर आहेत गं. लोकर ताणून गुंडाळलेली असते, म्हणून चेंडू असा उसळतो. कारण आत होतं, एवढंच."

जागा तिला मिळाली. ते 'एवढंच' मला कित्येक दिवस गिळता आले नाही.

रुजू होण्याआधीच मात्र तिच्या वडिलांनी खोली सोडली आणि बिऱ्हाड कोकणात गेले. जागा माझ्याकडे आली, तिला न हरवता. जाताना रबरी गाभा माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "हा उघडायचा राहिला. तू उघड."

रबराच्या आत बुचाचा गोळा असतो, असे पुस्तके सांगतात. गाभा माझ्या टेबलावर आहे, शेजारी ब्लेडही आहे. एखाद्या दिवशी ती येईल, विचारल्याशिवाय तो कापेल आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटेल. त्या दिवसासाठी मी तो तसाच ठेवला आहे.