गौरा म्हैस आन् जपानी कॅसेट

आमच्या गौरा म्हशीला जपानी गाणी आवडायची, आन् त्यापायी भर पेठंत माझी अब्रू गेली.

आता म्हशीला जपानी गाणी ऐकवली कुणी? मीच की! दुसरं एवढं खुळं कोण हाय? (चौथीत तीनदा बसलोय. मला शाळंचा कंटाळा न्हवता, शाळंलाच माझा आलता.) तवा मी फौंड्रीत लोखंडाची ओतीव कास्टिंगं घासायला होतो. तिथं नवं मशीन बसवायला एक जपानी साहेब आलता. त्याला मी आमच्या गोठ्यातलं निरसं दूध पाजलं. गडी ओठावर फेस घेऊन खूश! जाताना त्यानं मला एक कॅसेट दिली आन् हात गुडघ्यापाशी धरून खुणेनं सांगितलं, मी एवढा होतो तवापासनं ह्यो रॉक बँड वाजवतोय, अजून थांबला न्हाय.

आबा, म्हंजे माझं वडील, लगीच म्हणालं, "बघ! ती माणसं एकच काम जन्मभर करत्यात. आन् तुला दोन येळंची धार नीट काढाय येईना!"

खरंच येत न्हवती. मला बघितलं की गौरा लाथ घालायची. एकदा गुडघ्यांत बादली धरून धार काढताना म्हटलं, लावून तर बघू कॅसेट. ढोल धडाडला, गाणारा असा केकाटला, जणू त्याच्या पायावर कास्टिंग पडलंय! आन् गौरा? चारी पाय रवून गप उभी! कान ताठ, डोळं अर्धं मिटलेलं, आन् चुळूक चुळूक धार सुरू! चार म्हैनं हेच. गाणं लागलं की म्हैस दगड.

"शालन," मी बायकोला म्हटलं, "म्हैस माझ्या मुठीत हाय!"

"तुमच्या न्हाय वो, त्या जपान्याच्या!"

मग आला दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी आमच्यात म्हशी नटवून, शिंगं रंगवून रस्त्यावर पळवत्यात. पुढं मालक फटफटीवर, मागं म्हैस मोकळी. दावं न्हाय, काठी न्हाय, नुसती हाक. आली तर मिशीला पीळ. न्हाय आली तर पुढच्या पाडव्यापतोर पेठ हसती. दरवर्षी आबा पळवायचं. औंदा त्यांचा गुडघा धरलेला.

"दत्त्या, तू पळीव. मागं आली तर गोठा तुझ्या हातात. न्हाय आली तर गोठ्याचा मालक म्हणून तोंड दावायचं न्हाय!"

"आबा, निवांत बसा!"

मी रात्रभर इचार केला. (डोसकं दुखलं. सवय न्हवती.) आवडतं गाणं पुढं चाललं, तर म्हैस मागं येणारच की! सकाळी ट्यूबच्या रबरानं टेप फटफटीच्या टाकीवर बांधला. बाकीच्यांनी सायलेन्सर काढलेलं, मी ठेवला. गाणं ऐकू याय पायजे ना!

रस्त्याच्या दोन्ही अंगाला ही गर्दी! पार त्या टोकाला खुर्चीवर आबा, बाजूला आरतीचं ताट घेऊन शालन. मागं दुसऱ्यांच्या म्हशी खोळंबलेल्या, फटफट्या गुरगुरत्यात. मी दावं सोडलं, गिअर टाकला आन् बटण दाबलं.

ढोल धडाडला. गाणारा केकाटला.

गौरानं चारी पाय रवलं.

"चल गं! गौरे, चल की!"

कान ताठ. डोळं अर्धं मिटलेलं. आन् रस्त्यावर टप, टप, टप... दूध!

तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला, पर लई उशिरा. चार म्हैनं मी म्हशीला ह्या गाण्यावर पळायला न्हाय, उभं राहायला शिकवलंतं!

"पावणं, बादली आणू काय?" एकजण वरडला. सगळी पेठ हसली. त्या टोकाला आबा खुर्चीतनं उठलं. गुडघा दुखत असूनबी उठलं! घाबरून मी आवाज वाढवला.

धार वाढली!

"अहो, बंद करा ते मढं!" शालननं ताट आबांच्या हातात दिलं, पदर खोचला, तरातरा आली आन् टेपचं बटण दाबलं. मग नुसतं म्हणाली, "गौराबाई, चला!" आन् पुढं पळत सुटली. मागं गौरा शेपूट वर करून अशी उधळली, की शिट्ट्यांनी पेठ दणाणली! मी बंद पडलेली फटफटी ढकलत सगळ्यात मागं.

"आजपासनं गोठा सूनबाईचा," आबा म्हणालं.

"आन् मी, आबा?"

"तू बादल्या घास. घासायचं तर काम करतोसच की!"

दहा-बारा वर्सं गेली. गौरा गेली, टेप गेला. पर तो साहेब परत फौंड्रीत आला, केस पांढरं झालेलं. मला वळखून मिठीच मारली. म्यानेजरच्या केबिनमधी नेलं, खिशातनं सीडी काढली आन् खुणेनं सांगितलं, बँड अजून थांबला न्हाय! लावली सीडी. तेच गाणं. ढोल धडाडला, गाणारा केकाटला, साहेबानं डोळं मिटलं.

त्यानं उघडलं, तवा सगळी केबिन माझ्याकडं बघत हुती. मी खाली उकिडवा बसलेलो, दोन्ही गुडघ्यांत म्यानेजरची कचऱ्याची बादली धरून!