दादानं सोडवलेली बकरी

"ताई, हे गेले," वहिनी फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठी गेले?" माझा थोरला भाऊ सारी हयात एसटीत कंडक्टर होता. निवृत्तीनंतरही रोज सकाळी राळेगावच्या स्टँडवर जाऊन बसायचा. वाटलं, तिथंच गेला असेल... "आता नाही येत ते, ताई," वहिनी म्हणाली, तेव्हा कळलं.

आमची शेवटची भेट पोळ्याच्या आधीची. त्या दुपारी त्याची बकरी अडली. पिलाचं तोंड आणि एकच पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. गुरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले. दादाला रक्त बघवत नसे, सुईच्या नावानंही घाम फुटायचा. पण बकरीचं ओरडणं थांबलं, तिनं मान टाकली, तसा तो उठला. हात साबणानं धुतले, तेल चोपडलं. मला म्हणाला, "तिचं डोकं धर. माह्याकडे पाहू नको." पाय सरळ झाला, पिलू बाहेर आलं, पण श्वास नव्हता. नाकातोंडातला चिकटा काढून तो गोणपाटानं त्याचं अंग घासत राहिला. मी म्हटलं, राहू दे आता. त्यानं ऐकलं नाही... आणि पिलू शिंकलं. दादा तिथंच शेणात बसून रडला.

बकरी उठेना, पिलाला जवळ येऊ देईना. वहिनीनं तिला गुळाचं कोमट पाणी पाजलं. दादा चीक पिळून पिलाला पाजायचा आणि पुन्हापुन्हा त्याला आईच्या नाकाशी न्यायचा. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती उभी राहिली, पिलाला चाटू लागली. मी निघाले, तर हा मला बसपर्यंत सोडायलाही आला नाही. बकरीजवळून त्याचा पायच निघेना.

मग दादाच्या शेतातल्या कपाशीवर अळी आली. फवारणीला मजूर मिळेना, म्हणून पंप त्यानं स्वतःच पाठीवर घेतला. मध्येच वारं फिरलं, औषध त्याच्याच तोंडावर आलं. घरी आला तो डोळे चोळत, मग उलट्या... यवतमाळला नेलं, पण उपयोग झाला नाही. अळीसाठी आणलेलं औषध असं माणसाला नेतं, हे मला अजून खरं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनीकडे गेले होते. दिवेलागणीला पिलू थेट घरात शिरून दादाच्या बाजेखाली बसलं. मी हाकलायला वाकले.

"राहू द्या ताई," वहिनी म्हणाली. "हे त्याले तिथंच निजवत."

आणि बाजेवर ती दादाची गोधडी अंथरू लागली, रोजच्यासारखी.