कोरडं कापड

त्या सकाळी ड्रमची भोकं बंद होती. एवढंच वाक्य आहे, आणि ते मी आजवर कुणासमोरही उच्चारलेलं नाही. बायकोसमोरही नाही.

आता नीट सांगतो, नाहीतर पुन्हा अर्ध्यावर सोडून देईन.

ऐंशीच्या दशकात, तेविशीत असताना मी बोरिवलीतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात ऑपरेशन थिएटरचा मदतनीस होतो. ऑपरेशनचे कपडे आणि गॉज वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. ऑटोक्लेव्ह म्हणायचं त्याला, पण दिसायला उभा, जाडजूड कुकरच. कपडे धुऊन, घड्या घालून स्टीलच्या गोल ड्रममध्ये भरायचं काम एका मावशीचं. ती गोराईची कोळीण, रोज सकाळी खाडी ओलांडून कामाला यायची.

ड्रमच्या कडेला भोकांची रांग असते आणि तिच्यावर सरकणारी एक पट्टी. यंत्रात ठेवताना पट्टी सरकवून भोकं उघडायची, म्हणजे वाफ आत शिरते. बाहेर काढल्याबरोबर ती बंद करायची, म्हणजे बाहेरची धूळ आत जात नाही. मावशी ड्रम भरून पट्टी बंद करूनच द्यायची, झुरळं शिरू नयेत म्हणून. उघडायचं काम माझं.

मी बारावी सायन्स झालेला, त्यामुळे मावशीला शास्त्र शिकवायची मला हौस.

"मावशी, उघड्या भांड्यात पाणी शंभर डिग्रीला उकळतं. पण आत पंधरा पौंड दाब धरला ना, की वाफ एकशे एकवीसवर जाते. जंतू खलास! आणि शंभरच्या पाण्यापेक्षा शंभरचीच वाफ जास्त भाजते. का, सांग?"

"भाजते त्या ठाव हाय. का त्या तूच सांग, तू शिकलेला."

मग मी सांगायचो. वाफ गार कापडाला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना ती आपल्या पोटातली उष्णता तिथेच सोडते. जंतू मरतात ते त्या उष्णतेनं आणि ओलाव्यानं. नुसती कोरडी गरम हवा तेवढ्या वेळात काही करत नाही.

मावशी हसायची. "आमी तिसऱ्या शिजवताव ना, वाफ लागली का शिंपी आपसूक उघरते. नाय उघरली ती फेकाची. तुजे पंधरा पौंड तुज्याकरं ठेव."

त्या दिवशी कांदिवलीच्या एका बाईंचं सिझर ठरलेलं होतं, पहिलटकरीण. मला यायला उशीर झाला. आदल्या आठवड्यात उशिरावरूनच डॉक्टरांनी दम दिलेला. मी घाईघाईनं ड्रम यंत्रात सोडला, झाकणाचे स्क्रू आवळले. काटा पंधरावर आला, घड्याळ लावून वेळ पाळली. ड्रमला बाहेरून चिकटवलेल्या कागदी पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या. वाफ लागली की त्या उमटतात. सगळं बरोबर. मग भोकं बंद करायला मी सरकपट्टीला हात घातला आणि ती हलेना. ती आधीच बंद होती.

दाराबाहेरून डॉक्टरांनी विचारलं, "ड्रम झाला का रे?"

त्या बाईंना अजून टेबलावर घेतलंही नव्हतं. पुन्हा लावायला पाऊण तास लागला असता आणि मला शिव्या बसल्या असत्या. बस, एवढंच नुकसान होतं.

मी म्हणालो, "झाला, सर."

आत सिस्टरनं ड्रम उघडला, वरचं कापड हातात घेतलं. "अरे वा! आज कापड कसं कोरडं ठणठणीत! नाहीतर रोज ओलं फडकं देतोस." मी हसलो. खरंच हसलो मी. वाफ आत गेलीच नव्हती तर ओलं होणार कुठून?

दुपारी उरलेलं गॉज काढताना मावशीनं ते नाकाशी नेलं. "बाला, भोका उघरली व्हतीस ना? वाफेचा वास नाय याला."

"उघडली होती की."

तेव्हा बोललो असतो तर डॉक्टरांनी त्याच दिवशी औषधं वाढवली असती. नाही बोललो.

चौथ्या दिवशी त्या बाईंना ताप भरला. टाक्यांत पू झाला, जखम पुन्हा उघडावी लागली. रोज ड्रेसिंगच्या वेळी त्या पदराचा बोळा दातात धरायच्या. ट्रॉली मी ढकलायचो. बाळ बाहेर सासूच्या मांडीवर, बाटलीच्या दुधावर. त्यांचा नवरा मला विचारायचा, "भाऊ, आज जरा बरं वाटतं ना हो?" मी म्हणायचो, हो, बरं आहे. महिन्याभरानं त्या घरी गेल्या, कमरेत वाकून, नवऱ्याचा हात धरून.

त्याआधी डॉक्टरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं, सिस्टरला, मावशीला आणि मला. रोजच्या ड्रमची कागदी पट्टी मी वहीत चिकटवायचो. त्या तारखेची पट्टी काळीकुट्ट होती. ती ड्रमच्या बाहेरून लावलेली असते, आतलं तिला काय कळणार! पण डॉक्टर म्हणाले, "मशीनचं काम चोख आहे. मग राहिले भरणारीचे हात. मासळीच्या घरातून येतेस, हात तरी धुतेस का नीट?"

"कोपरापर्यंत धुतंय, सायब. साबनानं."

तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. गॉजच्या वासाचं ती बोलली नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता, की मी स्वतः बोलावं म्हणून ती थांबली होती? मी वहीतल्या काळ्या रेघा बघत उभा राहिलो.

तिला कामावरून काढलं. जेवणाचा डबा पिशवीत घालून ती जिन्यापर्यंत गेली आणि वळली. मला वाटलं, आता बोलेल.

"भोकांची पट्टी बघत जा रं," म्हणाली, आणि उतरली.

पुढची दोन वर्षं मी प्रत्येक ड्रमची भोकं तीन-तीनदा तपासली. त्याचा कुणाला काय उपयोग? मग ती नोकरी सोडली. नंतर मावशी मला बोरिवलीच्या बाजारात दिसली, पाटी घेऊन बसलेली, समोर तिसऱ्यांचे वाटे. दोनदा दिसली, दुसऱ्यांदा तर अलीकडेच, पार म्हातारी झालेली. दोन्ही वेळा मी रस्ता बदलला.

कांदिवलीच्या त्या बाई आता कुठे आहेत, मला माहीत नाही. मावशी कुठे बसते ते माहीत आहे. तिच्यासमोर जाऊन मला सांगायचं आहे की पट्टी मी उघडली नव्हती, ते मला त्याच वेळी कळलं होतं, आणि तुझे हात स्वच्छ होते. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.