सहाची पाटी

सायकल शर्यतींच्या ट्रॅकबद्दल काही विचारायचं असेल तर फेरीमामांना विचारा, असं गावात कुणीही सांगेल. म्हणून नगरपालिकेतली बाई वही घेऊन त्यांच्याच घरी आली. जुना सिमेंटचा ट्रॅक उखडून नवा करायचा होता आणि दारात त्याच्या इतिहासाचा दगड बसवायचा होता. मजकूर सोमवारपर्यंत हवा होता.

मामांनी तोंडाचा पट्टा सोडला. तिथे आधी वीटभट्टी होती. माती काढून काढून भलामोठा खड्डा झालेला. एका सायकलवेड्या मास्तरांनी पाहिलं, खड्ड्याच्या दोन्ही टोकांना उतार आयताच आहे. सिमेंट ओतलं की झाली वळणं! उत्तरेचं वळण जरा जास्तच उभं झालं, कारण त्या आठवड्यात मास्तर आजारी होते आणि गवंडी स्वतःला इंजिनिअर समजत होता. चारशे मीटरची फेरी. चोविसाव्या वर्षी मामा तिथे झाडलोटीला लागले आणि शर्यतीत फेऱ्यांच्या पाट्या काढायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. ‘फेरीमामा’ हे नावही त्यावरूनच चिकटलं.

“आणि भिंतीवरचा तो विक्रम?” बाईने विचारलं. “पंधरा फेऱ्या, अकरा मिनिटं पाच सेकंद. त्रेचाळीस वर्षं कुणाला मोडता आला नाही ना? तोच मोठ्या अक्षरात घेऊ.”

“पाणी आणतो,” म्हणून मामा आत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

खरी गोष्ट त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. पत्र्याच्या पंधरा पाट्या एकावर एक, एकाच हुकाला टांगलेल्या असत. पुढचा सायकलवाला रेषा ओलांडेल तशी वरची पाटी काढायची. खालची दिसेल तितक्या फेऱ्या उरल्या. नोकरीला आठच महिने झालेले. साहेबांवर छाप पडावी म्हणून आदल्या दिवशी मामांनी सगळ्या पाट्या पिवळ्याधमक रंगवल्या. रंग पुरता वाळला नव्हता. शर्यतीत सातची पाटी काढली तर हाताला जड लागली. खाली पाच! सहाची पाटी सातच्या पाठीला चिकटून आली होती.

पंच शेजारीच उभे होते, नजर घड्याळावर, फेऱ्यांचा हिशेब मामांच्या पाट्यांवर सोडलेला. “साहेब” एवढा शब्द मामांच्या घशापर्यंत आला. पण बायको पोटुशी होती, नोकरी कच्ची होती. मामा मूग गिळून बसले. शर्यत चौदा फेऱ्यांतच संपली. पहिल्या आलेल्या पोराला लोकांनी खांद्यावर घेतलं, त्याचं नाव ‘तुफान’ पडलं, आणि बिचारा ते नाव मिरवतच चार वर्षांपूर्वी गेला. भिंतीवरचा तो विक्रम दरवर्षी नव्याने रंगवायचं काम कुणाचं? मामांचंच. दरवर्षी आकड्यापाशी आले की मामा ब्रश खाली ठेवायचे, आणि लोक म्हणायचे, मामांना ती शर्यत आठवते.

एवढंच असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण ज्या लेकरासाठी तोंड मिटलं, तीच मुलगी मोठी होऊन सायकलवर बसली. एकोणिसाव्या वर्षी पंधरा फेऱ्यांना उतरली. अकरा मिनिटं चौदा सेकंद! नऊ सेकंदांनी हुकली. वर्षभर पहाटे घाम गाळून पुन्हा उतरली, पुन्हा तेच. ट्रॅकवरच बसून ढसाढसा रडली. मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “नशिबात नसतं ते नसतं गं.” तिने सायकल विकली. आज ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते.

दगडावर खोटं कोरलं की ते आपल्यामागेही राहणार. या विचाराने मामांना अन्न गोड लागेना. शनिवारी ते दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. मुलगी चाकावर काच धरून बसली होती. मामांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

तिने चाक बंद केलं नाही. काच पुरी केली, पुसली, उजेडात धरून पाहिली.

“मी रडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं, बाबा?”

“होतं.”

“आणि नशिबाचं नाव पुढे केलंत.”

मामांना वाटलं, ओरडेल, हाकलून देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने दुसरी काच उचलली. “गिऱ्हाईक थांबलंय,” म्हणाली.

रविवारी सकाळी ती दारात आली, भाचीची सायकल घेऊन. “पाट्या आहेत ना अजून? काढा.”

ट्रॅकवर चिटपाखरू नव्हतं. उत्तरेच्या वळणावर सिमेंटला भेगा पडल्या होत्या. बेचाळीस वर्षांची बाई ती, तिसऱ्याच फेरीला धाप लागली. घड्याळ तिने लावूच दिलं नाही. मामा प्रत्येक पाटी काढायच्या आधी मागून नख फिरवत होते. रंग कधीच वाळला होता, हे ठाऊक असूनही फिरवत होते. सातची काढली. खाली सहा. ती समोरून गेली तेव्हा तिने पाटीकडे पाहिलं, आणि मग पहिल्यांदा, आदल्या दिवसापासून पहिल्यांदा, बापाकडे पाहिलं. मामांना ती नजर सोसवेना. पण त्यांनी मान खाली घातली नाही. एवढं तरी आपण तिचं देणं लागतो, असं त्यांना वाटलं.

पंधरावी फेरी संपवून ती कठड्याला टेकली. घामाने चिंब झालेली, चेहरा लाल. मामांनी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली, घटाघट प्यायली.

“दगडावर माझं नाव नको,” ती म्हणाली. “मी तेव्हा तुफानच्या पुढे होते, एवढं मला कळलं, पुरे. पण त्यावर खोटंही नको. उद्या ऑफिसात जाऊन सांगा.”

“सांगतो. तू येशील बरोबर?”

“नाही,” ती म्हणाली. “एकटे जा. मी एकटीच रडले होते.”

ती सायकल घेऊन निघून गेली. मामांनी पाट्या एकेक करून हुकाला परत लावल्या, आणि सहाची तेवढी काखेत धरून घरी नेली. सोमवारी बाईला दाखवायला.