लखमीकाकीचा भेंडीचा वाफा

आमच्या मळ्यात भाजी कमी आणि किस्से जास्त पिकतात. भाजीला निदान पाणी घालावं लागतं, किस्स्यांना आमच्यासारखी माणसं पुरतात!

'आम्ही' म्हणजे बोईसरच्या कारखान्यांत नोकरी करणारी वीस कुटुंबं. मी मूळची कऱ्हाडची, सरावलीत राहते, कंपनीत स्टोअर सांभाळते. मळा लखमीकाकीचा, पालघरच्या वाटेवर. आम्ही महिन्याला पैसे देणार, ती भाजी पिकवणार, दर आठवड्याला आम्हाला टोपली मिळणार आणि दर रविवारी आम्ही मळ्यात राबणार, असं ठरलंय. हे राबणंच सगळ्या गोंधळाचं मूळ.

काकी दरवर्षी दिवाळीनंतर भावाबरोबर वीटभट्टीवर जायची. यंदा आमच्या भरवशावर घरी थांबली. पण तिने आधीच बजावलं होतं, "शिमग्याला भाऊ घरी येल. तो परत निगंपर्यंत भेंडी उगवली तं मी र्‍हायली. नाय तं चालली त्याच्यासंगं."

*

थंडी सरली आणि पेरणीचा रविवार उजाडला. आमचे शिंदेसाहेब कंपनीत सेफ्टी ऑफिसर. हेल्मेट घालून आले! बियाणाला हात लावायच्या आधी त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि दहा मिनिटं भाषण दिलं. "इमर्जन्सी आली, समजा साप निघाला, तर सगळ्यांनी त्या आंब्याखाली जमायचं."

काकी शांतपणे म्हणाली, "सायेब, साप निगाला तं जमायचं नाय, पलायचं!"

*

दोन बियांत किती अंतर ठेवायचं? काकी म्हणाली, "एक वीत." कुणाची, ते तिने सांगितलं नाही. शिंदेसाहेब सहा फुटी, मी पाच फुटांना दोन बोटं कमी. एकाच वाफ्यात दोन्ही टोकांकडून पेरत आम्ही मधोमध भेटलो.

काकीने वाफा बघितला. "बाय, सायबाची भेंडी बंगल्यात र्‍हाते आन तुझी चालीत!"

*

मग मी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ टाकली, 'वाफ्याला पाणी द्या.' कुणी द्यायचं ते लिहिलं नाही. फर्स्ट शिफ्ट सुटली, त्यांनी दिलं. जनरल शिफ्ट सुटली, त्यांनीही दिलं. सेकंड शिफ्टवाले तर जायच्या आधीच देऊन गेले होते! सगळ्यांनी फोटो टाकले, सगळ्यांना अंगठे मिळाले.

दुसऱ्या दिवशी काकी गुडघ्यापर्यंत लुगडं वर धरून उभी. "आता भातच लावा!"

बी कुजलं. काकीने पाणी निचरू दिलं आणि पुन्हा पेरलं. शिमगा तोंडावर आला होता.

*

आठ दिवस झाले, तरी एक पान वर येईना. का, ते कुणाला कळेना. नवव्या दिवशी काकीने चौधरीभाऊंना रंगेहाथ पकडलं. चौधरीभाऊ जळगावचे, कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहेत. हातात चिमटा, समोर उकरलेली माती!

"रोज दहा नग सँपल काढतो, काकी," ते अभिमानाने म्हणाले. "मोड आलेत. सगळे पास आहेत! मग परत पुरतो."

काकीने कपाळावर हात मारला. "दादा, बाई पोटुशी असली तं रोज पोट उघडून बगता काय?"

सगळे हसले. काकी मात्र हसली नाही. बांधावर बसून म्हणाली, "इतक्या वर्षांत पयल्यांदा दिवालीनंतर माज्या घरात चूल पेटली व्हती." आमच्या हौसेपायी तिची चूल विझणार, याची मला खरंच लाज वाटली. चौधरीभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे.

*

शिमगा झाला. भाऊ निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि काकीचं गाठोडं त्यात चढलं.

त्याच्या तासभर आधी चौधरीभाऊ चिंचणीच्या एका नर्सरीतून आले होते. भेंडीची रोपं मागितल्यावर नर्सरीवाला हसला होता. "भेंडीचं रोप कोन इकतं? वांग्याची हायेत."

"द्या," चौधरीभाऊ म्हणाले. "एवढ्याशा पानावरून कोण ओळखतं?"

ते रोपं लावत गेले, मी पाणी घालत गेले. शिंदेसाहेबांनी पहारा दिला. हेल्मेट घालून!

टेम्पोत बसण्याआधी काकी शेवटचं बघायला म्हणून वाफ्यापाशी आली. ओळीत हिरवीगार रोपं. ती उकिडवी बसली. एका पानावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि आमच्याकडे बघितलं. चौधरीभाऊ आभाळ बघत होते. मी चिखलाचे हात पाठीमागे लपवले.

"दादा, भेंडी झ्याक आली," काकी म्हणाली. "हिला वांगी कवा लागतील?"

शिंदेसाहेबांनी हळूच हेल्मेट काढलं.

काकी उठली, टेम्पोतलं गाठोडं खाली ओढलं आणि भावाला म्हणाली, "तू जा. ही मानसं एकटी सोडन्यासारखी नाय!"