मामा कुठल्या पानावर उतरले

अत्यंत गांभीर्याने आणि पूर्ण शुद्धीत जाहीर करतो, की मराठी पुस्तकांचा अंतिम निकाल पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात, माझ्या बायकोच्या मामांच्या ओट्यावर लागतो. पुण्या-मुंबईचे समीक्षक लिहितात ते सगळं खालच्या कोर्टातलं कामकाज.

मामा तीस वर्षं एसटीत कंडक्टर. तिकिटाची मशीनं आली तरी तिकिटं टोचायचा जुना चिमटा मामांच्या खिशातून काही हलला नाही. सहा वर्षांपूर्वी मामी गेल्या. त्यांच्याबद्दल मामा चकार शब्द बोलले नाहीत. गावच्या वाचनालयात येणारं प्रत्येक नवं पुस्तक मात्र वाचू लागले. जिथे कंटाळा येईल त्या पानाच्या कोपऱ्याला चिमट्याने भोक पाडायचं आणि पुस्तक परत. याला ते 'उतरणं' म्हणतात. ग्रंथपाल बाई आधी खूप भांडल्या. आता गावातली माणसं पुस्तक घेण्याआधी भोक कुठे आहे ते बघतात, म्हणून बाई गप्प असतात.

शहरातल्या एकाकीपणावरच्या एका जाडजूड, गाजलेल्या कादंबरीतून मामा अकराव्या पानावर उतरले. "नवव्या पानापासून माणूस खिडकीत उभा हाय. आरं, बस की खाली!" यशस्वी होण्याच्या सवयी शिकवणाऱ्या पुस्तकाचं मुखपृष्ठच टोचलं. "ही गाडी डेपोतूनच निघाली न्हाई." एका कवितासंग्रहाला दोन भोकं आहेत. उतरले, चुटपुट लागली, पुढच्या थांब्यावर परत चढले, पुन्हा उतरले. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या मुलीने लिहिलेल्या आत्मकथनाला एकही भोक नाही. ते परत करताना ग्रंथपाल बाईंना एवढंच म्हणाले, "ही पोर माज्या गाडीत उभ्यानं गेली असंल. जागा द्याया पायजे हुती."

अशा माणसाच्या तावडीत माझं पहिलंवहिलं पुस्तक सापडलं. नात्यागोत्यातल्या माणसांवरचे लेख, पाने एकशेसाठ. नेमकं तेव्हाच मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद केलं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानतोय, तोवर निरोप आला : "जावईबापूंना म्हणावं, तुमीच वाचून दावा."

दुपारची वेळ. मामा काळा चष्मा लावून खाटेवर, हातात चिमटा, आणि मी समोर परीक्षेला बसल्यासारखा. मामा अधूनमधून हवेतच कट्‌कट् करत. दर कट्‌ला मला घाम फुटे. मी विनोदाच्या जागी थांबून बघे. मामांची मिशीसुद्धा हलत नसे. तरी विसावं पान गेलं, चाळिसावं गेलं. आत्मकथनाच्या पंगतीत बसायची स्वप्नं मला पडू लागली.

एकोणसत्तराव्या पानावर मामी होत्या. मामांची गाडी दुपारी तिसगावच्या थांब्यावर यायची, तेव्हा मामी पदराखाली भाकरीचा डबा धरून उभ्या असायच्या. गाडी दोन मिनिटं थांबायची. डबा देताना त्या रोज एकच वाक्य बोलायच्या, "गार व्हायच्या आत खावा." एवढंच लिहिलं होतं मी.

मामांनी हात पुढे केला. पुस्तक माझ्याकडून घेतलं, चाचपत पानाचा कोपरा शोधला आणि कट्!

माझा चेहरा पडला. "मामा, इतकं कंटाळवाणं झालंय का हो?"

"गप बसा, जावईबापू! ती उभी हाय थांब्यावर. इथं न्हाई उतरायचं तर कुठं?"