वहिनीनं सांगितलेली वाट

त्या रविवारी सकाळी मी अकोल्यात गच्चीवर कुरड्या घालत होते. सोऱ्यात गव्हाचा चीक भरलेला, दोन्ही हात बरबटलेले, आणि फोन वाजला. कोपरानं कसाबसा दाबला. परतवाड्याहून दादाचा होता, माझ्या थोरल्या भावाचा. म्हणाला, "बेबी, तुई वयनी गेली वो."

"वर काय?" मी विचारलं.

तो जरा थांबला... मग म्हणाला, "हो."

या उन्हात कशाला, टोपी तरी नेली का, असं मी विचारत होते तेवढ्यात फोन बंद झाला. आमच्या घरात 'वर' म्हणजे डोंगर. परतवाड्याच्या मागं सातपुडा उभा राहतो, त्यातल्या पहिल्याच घडीवरचा एक पठारी डोंगर. शीलावहिनी रविवारी तिथं जायची, आणि कुणी विचारलं की आम्ही सगळे म्हणायचो, वर गेली. आई होती तोवर चिडायची. माणसाले वर गेली म्हणू नये, डोंगराले गेली म्हणावं. कुणी ऐकलं नाही तिचं. त्यामुळे मी सोऱ्या फिरवत राहिले आणि मनातल्या मनात वहिनीवर चिडत राहिले, की आता साठी आली बाईची, चैत्राच्या तोंडावर डोंगर कसले चढते. दुसरं ताट भरत आलं तेव्हा दादाच्या शेजारणीचा फोन आला, तुम्ही निघालात का. कुठं निघू, मी म्हटलं. मग तिनं सांगितलं. वहिनी डोंगरावर नव्हतीच. ओट्याशी माठ भरताना खाली बसली, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी हात धुतले. मग पुन्हा बसले आणि उरलेल्या चिकाच्या कुरड्या घालून टाकल्या, कारण चीक आंबला असता. हे कुणाला सांगितलं की माझ्याकडं विचित्र पाहतात. पाहू दे. त्यानंतर मी पातळ बदललं, कुलूप लावलं आणि दर्यापूर-अंजनगाववरून जाणारी एसटी धरली. रस्ताभर खिडकीतून पाहत होते. काय पाहिलं ते आठवत नाही. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. काडीसारखी बाई, आवाज मात्र वर्गभर पुरेल असा. डोंगराची सवय तिला दादानं लावली. दादा विजेच्या खात्यात होता, पहाडातल्या गावांच्या तारांवर त्याची नोकरी गेली, त्यामुळे पायवाटा त्याला ओट्यावरच्या डब्यांसारख्या पाठ. लग्नानंतर लोक बायकोला सिनेमाला नेतात, यानं हिला दगडात नेलं. त्या पठारावर एक झिरा आहे, उन्हाळ्यातही कातळातून पाणी झिरपतं, तिथं बसून दोघं भाकर खायचे आणि उन्हं कलायच्या आत खाली. रात्र काढायची नाही, वनखात्याच्या पाटीपलीकडं जायचं नाही, हा दादाचा कायदा. मग एकदा दादा खांबावरून पडला. जीव वाचला, गुडघा आखडला तो कायमचा. डोंगर सुटला.

वहिनीनंही सोडला होता. दादाच म्हणाला, तू जा, मी पायथ्याशी बसतो, आली की मले वाट सांग. तिथून ते सुरू झालं. डोंगराच्या पायथ्याच्या गावात कौसाबाईचं चहाचं दुकान आहे, कडुलिंबाखाली निळी ताडपत्री बांधलेली. दादा तिथं खुर्ची टाकून बसायचा, मांडीवर डबा. वहिनी उतरून यायची, बूट काढून माती झटकायची, चहाचा पहिला घोट घ्यायची, की दादा म्हणायचा, सांग वाट.

आणि ती सांगायची. पहाड कसा सुंदर दिसत होता वगैरे काही नाही. वाट सांगायची. पांदणीत बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्यात, पाय मुरगळतो. नाल्यातला मोठा दगड पुरानं सरकला, आता डावीकडून ओलांडावं लागतं. सागाची पानं गळून पडलीत, त्यावर पाय घसरतो, काठी लागते. घाणेरीची झुडपं वाटेवर आली आहेत. अस्वलानं वारूळ उकरलंय, ताजं आहे. मग मोठा चढ, त्याला दादानं दमकोंडी नाव ठेवलं होतं, तिथं मुरूम सुटलाय का, धरायला मुळ्या आहेत का. आणि शेवटी झिऱ्याला पाणी किती. मी अकोल्याच्या कोर्टात टंकलेखक होते, जन्म उलटतपासण्या टाइप करण्यात गेला, पण दादासारखी उलटतपासणी मी वकिलाचीही पाहिली नाही. उजवीकडून गेलीस का डावीकडून? मूळ कोणत्या झाडाचं? ऐकताना त्याचा चांगला पाय जमिनीवर हलत असायचा.

मी कधीमधी जायचे त्यांच्याबरोबर. चढले कधीच नाही. मला उभ्या जन्मात डोंगराचं कौतुक वाटलं नाही. कौसाबाईकडं भजी खायची आणि दोघांना चिडवायचं, एवढंच माझं काम. एकदा वहिनीला म्हटलं, काय दगडधोंड्याचं पुराण लावलंय, एवढ्या वेळात मुंबई पाहून झाली असती. ती बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "बेबीताई, त्याले डोंगर नाई लागत. त्याले चालाचं असते."

वहिनीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बरीच माणसं आली. तिचे विद्यार्थी आले, आता त्यांचे केस पिकलेले. भाषणं झाली. एक जण म्हणाला, ताई डोंगराच्या कुशीत विसावल्या. मला असा संताप आला... माठापाशी गेली बाबा ती, तांब्या हातात होता. पण कुणाला काय बोलायचं. मी खिरीचे द्रोण वाटले.

खरी काळजी दादाची होती. तो बोलायचा थांबला. हो, नाही, असू दे, एवढंच. ताट पुढं ठेवलं की भाकरीचा तुकडा मोडायचा आणि तसाच हातात धरून बसायचा. मी ज्वारीची केली, बाजरीची केली, झुणका केला, तिच्या हातचा असायचा तसा ठेचा केला. दादाचा मुलगा नागपूरहून आला होता, रजा संपल्यावर गेला. मी राहिले. आमच्याकडं म्हणतात, बैलजोडीतला एक गेला की दुसरा दावणीला झुरतो. सदरा त्याच्या अंगावर लोंबायला लागला होता. मला वाटायचं, हाही जाणार. वहिनीचं दुःख करायला मला सवडच नव्हती. मी त्याचे घास मोजत बसायचे.

शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, चल, कौसाबाईकडं जाऊ. त्यानं उठून चप्पल घातली. मी डबा भरला. रिक्षानं पायथ्याला पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. कौसाबाईनं खुर्ची टाकली, दादा बसला, आणि मी काय बोलून गेले कुणास ठाऊक... म्हटलं, मी जाऊन येते वर. तुला वाट सांगते. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. चपलाच होत्या. कौसाबाई मोहाची फुलं वेचायला जाणारच होती, तिनं नवऱ्याला चुलीपाशी बसवलं आणि मला बरोबर घेतलं.

पांदण तशीच होती. वहिनीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेली, की मला पाय कुठं टाकायचा ते कळत होतं. नाला कोरडा, मोठा दगड उजवीकडं, आम्ही डावीकडून ओलांडला. पुढं साग, खाली वाळक्या पानांचा थर, आणि खरंच पाय घसरत होता. मी काठी घेतली. मनात म्हटलं, बाई खोटं नव्हती सांगत. घाणेरी टाळून एका अंजनाच्या झाडाखाली पोचलो. तिथं बसायला एक सपाट दगड आहे. कौसाबाई म्हणाली बसा. मी म्हटलं, बसते कशाला, दमकोंडी कुठं आहे?

तिनं वर बोट केलं. समोरचा उतारच नव्हता. माती, मुरूम, आडवी झालेली झाडं, सगळं एकमेकांत मिसळून खाली आलेलं आणि तसंच थिजलेलं. त्यावर आता गवत वाळून पिवळं पडलं होतं. वाट त्या ढिगाऱ्यात शिरत होती आणि संपत होती. शेळ्यासुद्धा पल्याडून जातात, कौसाबाई म्हणाली.

मी विचारलं, हे कधी झालं? मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात, ती म्हणाली.

"मग वहिनी कुठून जायची?"

"ताई तं इथंच बसे," कौसाबाई म्हणाली. "पयले बी, दरड नोती आली तवापासूनच, वर जाऊन नोती राहिली. दम लागे ना तिले. मले म्हणे, साहेबाले सांगजो नोको."

ती शेजारच्या मोहाखाली फुलं वेचायला वाकली आणि मी दगडावर बसले. म्हणजे झिऱ्याचं पाणी, दमकोंडीवरच्या मुळ्या, वरचा वारा, सगळं या दगडावर बसून रचलेलं. पूर्वी दोघं जायचे तेव्हाचं आठवून आठवून, दर ऋतूप्रमाणे थोडं बदलून. मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण आला. छाती भरून येत होती तर डॉक्टरकडं जायचं सोडून बाई इथं बसून गोष्टी जुळवत होती. शिकलेली बाई. मग कधीतरी मी मान खाली वळवली. सागांच्या फटीतून कौसाबाईची निळी ताडपत्री दिसत होती. कडुलिंब दिसत होता. आणि खुर्चीवर दादा, आमच्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसलेला. त्याची पांढरी टोपीसुद्धा दिसत होती.

उतरताना मी ठरवलं, आपणही तसंच सांगायचं. माणूस जगला पाहिजे, खऱ्याखोट्याचं नंतर पाहू. खाली आले, पाणी प्यायले, आणि दादा काही विचारत नाही म्हणून मीच सुरू केलं. पांदण सांगितली. नाला सांगितला. पानं, घाणेरी. दमकोंडीवर मुरूम सुटलाय पण मुळ्या धरून जाता येतं, असं सांगितलं. झिऱ्याला पाणी आहे म्हटलं, ओंजळभर. माझा आवाज मलाच परका वाटत होता. दादानं सगळं ऐकून घेतलं. एकदाही उलट प्रश्न केला नाही.

मग म्हणाला, "दमकोंडी बसली, बेबी. झिऱ्यापरेंत वाट नाई आता. मले माईत हाय."

मी हातातली काठी खाली ठेवली.

तो रस्त्याकडं पाहत, थांबत थांबत बोलत राहिला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. लाकडं आणणारे लोक इथंच चहा पितात, दरड कोसळली ते त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण त्याला त्याआधीच कळलं होतं. वरची माती लाल आहे. वहिनी बूट झटकायची तेव्हा लाल माती पडायची. मग ती पडेनाशी झाली, नुसती नाल्याची वाळू निघायची. तिला दम लागतो, ती वर जात नाही, हे त्याला दिसत होतं. आणि ती समोर बसून झिऱ्याचं पाणी सांगत होती.

"म्या एक शबुद बोललो असतो तं डॉक्टरकडं नेली असती तिले," दादा म्हणाला. "बोललो नाई. बोललो असतो तं वाट बंद झाली असती... मले आयकाची होती."

यावर बहिणीनं काय म्हणायचं असतं ते मला माहीत आहे. तुझा दोष नाही, वेळ आली होती, असं म्हणतात. माझ्या तोंडातून ते निघेना. कारण खरं होतं ते, त्याचंही आणि तिचंही, आणि कोर्टात इतकी वर्षं काढूनही मला निकाल सांगता आला नसता. डबा स्टुलावर तसाच होता. माझ्याजवळ खरी अशी एकच गोष्ट होती, ती मी त्याला दिली. म्हटलं, दादा, ती अंजनाखाली बसायची. सपाट दगड आहे तिथं. तिथून हे दुकान दिसतं. तू दिसतोस.

"मी?"

"तू. टोपी दिसते. पाठ दिसते."

कौसाबाईनं पाटीतली फुलं पोत्यावर पसरली, त्यांचा गोडूस वास सुटला. गुडघा आखडल्यापासून दादानं डोंगराकडं तोंड करून बसणं सोडलं होतं, ते बघवत नाही म्हणायचा. आता तो खुर्चीच्या हाताला धरून उठला. मी मदतीला गेले तर हातानंच थांबवलं. खुर्ची ओढत कडुलिंबाच्या पलीकडं नेली, डोंगराकडं तोंड करून ठेवली, बसला. कोणतं झाड, म्हणाला. मी बोटानं दाखवलं. त्याला लगेच सापडलं नाही, मी पुन्हा दाखवलं. मग सापडलं.

मी डबा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला. नजर झाडावरून काढली नाही.

"आता सांग," तो म्हणाला. "तिथवरचीच सांग."